गळत नाहीत, मग जातात कुठे? इंदिरानगरच्या शेवंतीचं प्रकरण

२७ जुलै २०२४, शनिवार. पाऊस नुकता उघडला होता. इंदिरानगरमधल्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची बेल मी वाजवली. फोनवर ताई म्हणाल्या होत्या, "ब्रश करू देत नाही, बाकी काही नाही. एकदा येऊन नीट विंचरून द्या." दार उघडलं तर समोर जर्दाळू रंगाची, कुरळ्या केसांची, बघताक्षणी उचलून घ्यावी अशी कुत्री. शेपूट जोरात हलत होतं. मी पिशवीतून स्टीलचा कंगवा काढला मात्र, ती सोफ्याखाली गेली आणि तिथून गुरगुरायला लागली.

मी अकरा वर्षं नाशकात घरोघरी जाऊन कुत्र्यांचं ग्रूमिंग करते. लॅब, पॉम, शिह त्झू, ल्हासा हे नेहमीचे. अलीकडे मात्र पूडल या कुरळ्या केसांच्या जातीचं मिश्रण असलेली पिल्लं बरीच दिसायला लागली आहेत : कॉकापू, माल्टीपू, शिहपू, क्वचित एखादं गोल्डनडूडल. आणि प्रत्येक घरात एक वाक्य कानावर पडतं, "हिचे केस गळत नाहीत." त्या एका वाक्यावर विसंबून राहिलं की काय काय होऊ शकतं, ते जवळपास सगळं या घरात झालं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे. कुत्रीचं नाव खरं आहे, माणसांची नावं देणार नाही.

डिसेंबर ते जून

घर चौघांचं. बाबा अंबडच्या एका कारखान्यात शिफ्टला, ताई म्हणजे मुलीची आई, शाळेत शिक्षिका, नऊ वर्षांची मुलगी, आणि निफाडकडच्या गावाहून येऊन राहिलेल्या आजी. मुलीला लहानपणापासून धुळीचा त्रास. थंडी पडली की छातीत शिट्टी वाजते, पंप घ्यावा लागतो. बालरोगतज्ज्ञांनी केसाळ प्राणी घरात नको, असं आधीच सांगून ठेवलेलं. पण मुलीने कुत्र्यासाठी दोन वर्षं घर डोक्यावर घेतलं होतं, आणि मग एके रात्री बाबांना मोबाइलवर केस न गळणारं, म्हणून अ‍ॅलर्जी न होणारं कुत्रं सापडलं. कॉकापू, म्हणजे कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचं मिश्रण.

४५,००० रुपये आधी भरले. डिसेंबर २०२३च्या मध्यावर पिल्लू रात्रीच्या गाडीने द्वारका चौकात उतरलं. आई-बाप कुणी पाहिले नाहीत. दोघेही कॉकापूच आहेत, एवढं विकणाऱ्याने फोनवर सांगितलं. वय आठ आठवडे म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहिले आणि म्हणाले, सहा असतील, फार तर साडेसहा.

हे दोन आठवडे मला फार महत्त्वाचे वाटतात. कुत्र्यांच्या पैदास आणि विक्रीबद्दल २०१७ साली जे केंद्रीय नियम आले, त्यांत आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, हेही त्यातच आहे. पिल्लू साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंत जगाशी ओळख करून घेतं. कुणाचा हात अंगावर फिरला तर घाबरायचं नाही, दात किती जोरात लावायचे, हे आई आणि भावंडांच्या गराड्यात कळतं. शेवंती त्या गराड्यातून लवकर उचलली गेली. आणि घरी आल्यावर त्या कोवळ्या वयात तिच्या पायाला, काखेला, कानामागे कंगवा कधी लागलाच नाही, कारण तेव्हा त्याची गरजच दिसत नव्हती.

नाव आजींनी ठेवलं. कुत्रं उंबऱ्याच्या आत घ्यायला त्यांचा विरोध होता. "कुत्रं अंगणात शोभतं," हे त्या आजही म्हणतात. पण पिल्लू पाहिलं आणि म्हणाल्या, "अंगावर शेवंतीच्या पाकळ्या आहेत हिच्या." तेच राहिलं.

पहिले सहा महिने खरंच छान गेले. पिल्लाचा पहिला कोट, म्हणजे अंगावरचे केस, मऊ असतो, रेशमासारखा. त्यात सहसा गुंता होत नाही. दर रविवारी आंघोळ, तीही मुलीच्या शॅम्पूने, मग टॉवेलने पुसणं आणि बाळाच्या मऊ ब्रशने वरवर फिरवणं. पाहुणे आले की बाबा काळ्या पँटवर तिला बसवून उठवायचे आणि पँट दाखवायचे. एक केस नाही. ताई म्हणाल्या, "आम्हाला वाटलं, आपण सगळं बरोबर करतोय." त्यांना तसं वाटणं साहजिक होतं, कारण तोवर काही बिघडलेलंच नव्हतं.

जूनमध्ये दोन गोष्टी एकदम आल्या, पाऊस आणि नवा कोट. पूडलचं रक्त असलेल्या पिल्लांचा कोट साधारण सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान बदलतो. जुने मऊ केस सुटतात, खालून जाड, कुरळे केस येतात, आणि सुटलेले केस नव्या कुरळ्यांत अडकतात. हे काही आठवडे या कुत्र्यांच्या आयुष्यातले सगळ्यात गुंत्याचे. नेमके तेव्हाच शेवंतीला रोज सकाळी ओल्या गवतात फिरवलं जात होतं, वर हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, आणि घरी आल्यावर टॉवेल. ताईंच्या हाताला काखेत एक गाठ लागली. त्यांनी स्वयंपाकघरातली कात्री घेतली. कातडी गुंत्याबरोबर वर ओढली जाते आणि वरून ती दिसत नाही. छोटीशीच जखम झाली, दोन दिवसांत भरली. पण त्या दिवसापासून कुणी काही हातात घेऊन जवळ आलं की शेवंती दात दाखवायला लागली.

कंगवा कुठे अडला

२७ जुलैच्या त्या संध्याकाळी मी तासभर जमिनीवर नुसती बसले. मग ती आपणहून आली. पाठीवर हात फिरवला तर वरून सुंदर, फुललेले कुरळे. बोटं आत घातली तर एका पेराच्या आत थांबली. वर लोकर आणि खाली घोंगडी. कानामागे, दोन्ही काखांत, जांघेत, हार्नेसच्या पट्ट्याखाली सगळं एकसंध झालं होतं. गळ्याखालच्या गुंत्यात दोन गोचिड्या सापडल्या. डाव्या कानाखाली हाताला ओल लागली आणि कानातून आंबूस वास आला.

मी तिथेच थांबले. विंचरलं नाही, कापलं नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. हे मी नेहमीच करते. आधी कातडी आणि कान डॉक्टरांनी पाहायचे, मग मी हात लावायचा. डॉक्टरांनी कानातला मळ काचपट्टीवर घेऊन पाहिला : यीस्टचा, म्हणजे एका बुरशीचा, संसर्ग. कानाखाली कातडी लाल होऊन पाझरत होती, तेही गुंत्याखाली कोंडलेल्या ओलीमुळे. कॉकरचे कान जड आणि लोंबणारे, पूडलच्या कानाच्या नळीतही केस उगवतात. या मिश्रणाला दोन्ही मिळालं तर पावसाळ्यात आतली हवा हलतच नाही. औषधं सुरू झाली. गोचिडीच्या तापाची शंका नको म्हणून रक्तही तपासलं, ते स्वच्छ निघालं.

आता मूळ प्रश्न. केस गळत नव्हते, म्हणजे काय होत होतं?

केस सगळ्यांचेच सुटतात. लॅबचा केस वाढायचा थांबतो, सुटतो, सतरंजीवर पडतो. पूडलचा केस फार काळ वाढत राहतो. तो सुटतो तेव्हाही शेजारच्या वेटोळ्यांत अडकून कुत्र्याच्या अंगावरच राहतो. त्याला तिथून काढणं हे कुणाच्या तरी हाताचं काम आहे. ज्या घरात ते काम होत नाही तिथे सुटलेला केस, नवा केस, ओल आणि घासण यांचा नमदा बनतो. लोकर पाण्यात भिजवून मळली की नमदा होतो, अगदी तेच. दर रविवारची आंघोळ त्यात भर घालत होती. गुंता ओला झाला की वाळताना आणखी आवळतो. म्हणून आधी कंगवा, नंतर आंघोळ. हा क्रम उलटा झाला की मेहनत सगळी वाया.

आणि ही जात नव्हे, हे मी प्रत्येक घरात सांगते. मिश्रणात कुठल्या पिल्लाच्या वाट्याला काय येईल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. कोटाच्या बहुतेक फरकांमागे तीन जनुकं आहेत, हे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं : एक केसांच्या लांबीचं, एक कुरळेपणाचं, आणि एक मिशा-भुवया-दाढीचं. हे तिसरं ज्या पिल्लाला मिळतं त्याचे केस कमी गळतात. ज्याचं तोंड कॉकरसारखं गुळगुळीत, त्याचे जास्त. शेवंतीचं तोंड मिशाळ आहे. त्याच गाडीने तिचा एक भाऊ पंचवटीत एका घरी गेला, तो गुळगुळीत तोंडाचा आहे आणि त्याचे केस सोफ्यावर, गादीवर, डब्यात, सगळीकडे. त्या घरच्यांना वाटलं आपल्याला फसवून भलतंच पिल्लू दिलं. फसवणूक हमी देण्यात होती. आई-बाप दोघेही मिश्र असतील तर साधारण चारातलं एक पिल्लू असं गुळगुळीत तोंडाचं निघू शकतं.

लॅब्राडूडलची सुरुवातही काही वेगळी नव्हती. १९८९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अंधांसाठी श्वान तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉन्रन यांनी लॅब आणि पूडलची जोडी लावली. हवाईतल्या एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले, तेव्हा त्या गृहस्थांना एकाच पिल्लाचा त्रास झाला नाही. सख्ख्या तीन भावंडांतलं एक. कॉन्रन यांनी पुढे या सगळ्याबद्दल पश्चात्ताप बोलून दाखवला, कारण त्यानंतर जो तो पूडल कशाशीही लावून विकायला लागला.

कान सुकल्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कोट उतरवला. ताईंना तो विंचरून वाचवायचा होता. मी नाही म्हटलं. घट्ट बसलेला गुंता विंचरणं म्हणजे सहा-सात तास कातडी ओढत राहणं. ते कुत्र्याला आयुष्यभर आठवतं, आणि तिची भीती तर आधीच हाताबाहेर गेली होती. १० नंबरचं ब्लेड लावून, ज्याने दीडेक मिलिमीटर केस उरतात, गुंत्याच्या खालून मशीन फिरवलं. दोन बैठका केल्या, मध्ये तीन दिवसांची विश्रांती. पाठ-पोट पहिल्या दिवशी, पाय आणि कान दुसऱ्या.

कानांचं थोडं सांगायला हवं, कारण घरी मशीन घेऊन करणारे इथे चुकतात. कानाच्या पाळीवरचा घट्ट गुंता निघाला की दबलेलं रक्त एकदम धावतं, खाज सुटते, कुत्रं कान झटकतं, आणि झटकून झटकून पाळीत रक्त साकळून फुगा येतो. त्यावर मग शस्त्रक्रियाही लागू शकते. मी जुन्या टी-शर्टची रुंद पट्टी करून कान डोक्याशी सैल बांधून ठेवले आणि तीन तास तिथेच बसून राहिले.

पाठ-पोटाचा कोट एका तुकड्यात निघाला. ताईंनी तो हातात घेतला आणि काही बोलल्या नाहीत. मुलगी रडली. आजी पदराला हात पुसत बाहेर आल्या, शेवंतीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढंसं होय हे! बिचारी काय ओझं वागवत होती."

मुलीचा खोकला

हा भाग मी सांभाळून लिहिते, कारण मी डॉक्टर नाही आणि इथे चूक झाली तर ती लेकराच्या छातीला भोवते.

मुलीला जानेवारीपासूनच रात्री खोकला होता. थंडी म्हणून सोडून दिला. मार्चमध्ये थंडी गेली तरी तो होता. घरात कुणीही कुत्रीचं नाव घेतलं नाही, कारण केस गळत नव्हते. ऑगस्टमध्ये मीच विचारलं, ती शेवंतीजवळ झोपते का? झोपत होती. एकाच उशीवर.

अ‍ॅलर्जी केसाची नसते. ती कुत्र्याच्या लाळेतल्या, कातडीच्या कोंड्यातल्या आणि मूत्रातल्या प्रथिनांची असते. त्यातलं मुख्य कॅन एफ १ या नावाने ओळखलं जातं, आणि ते प्रत्येक कुत्र्यात असतं. केस हा फक्त ते वाहून नेणारा. अमेरिकेत २०११ साली एकेक कुत्रा असलेल्या १७३ घरांतली धूळ तपासली गेली. 'अ‍ॅलर्जी न करणाऱ्या' म्हणवल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या घरात हे प्रथिन कमी आढळलं नाही. २०१२च्या नेदरलँड्समधल्या अभ्यासात लॅब्राडूडल आणि पूडलही होते. तिथे अशा कुत्र्यांच्या केसांत ते इतरांपेक्षा उलट जास्त सापडलं, आणि घरातल्या हवेत काहीच फरक नव्हता. आणखी एक प्रथिन आहे, कॅन एफ ५. ते फक्त नरांत तयार होतं, त्यामुळे काहींना नर कुत्र्याचाच त्रास होतो आणि मादी चालते. म्हणजे एखाद्याला एखादं कुत्रं सोसतं यामागे कारणं असतात, पण ती पिल्लाच्या जाहिरातीत लिहिलेली नसतात.

ताईंनी मुलीला अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे नेलं. कातडीवरच्या चाचणीत धुळीतल्या किड्यांना मोठा फोड आला, कुत्र्याला छोटा. डॉक्टरांनी औषधं नियमित केली आणि तीन महिन्यांची मुदत दिली. अटी घातल्या. कुत्री मुलीच्या खोलीत जायची नाही, गादी-उशीला कव्हरं, ओलं फडकं रोज, कुत्रीने चाटलं की हात-तोंड धुवायचं. तीन महिन्यांत पंपाची गरज वाढली तर कुत्री घरात राहणार नाही. हे त्यांनी मुलीसमोरच सांगितलं. मला ते फार पटलं. नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या कुत्रीसाठी काय पाळायचं ते नीट कळलं, आणि तिने ते पाळलं.

मी माझ्या बाजूने दोन गोष्टी सुचवल्या. विंचरताना कोंडा उडतो, म्हणून विंचरायचं ते गॅलरीत, दार लावून, आणि मुलीने नाही. आंघोळीने हे प्रथिन कमी होतं, पण दोन-चार दिवसांत पुन्हा पहिल्यासारखं. त्यासाठी आठवड्यातून दोनदा अंघोळ घालणं या कोटाला आणि या कानांना परवडणारं नव्हतं. त्यामुळे आंघोळीवर भिस्त ठेवू नका, खोली बंद ठेवण्यावर ठेवा.

आजींची वेळ

ऑगस्टच्या मध्यावर बाबांचा फोन आला. शिफ्ट, मुलीची औषधं, कुत्रीच्या कानांची औषधं, सोसायटीतली बोलणी. ते दमले होते. "निफाडला मळ्यात सोडतो तिला. मोकळी राहील."

हे मी अनेकदा ऐकते, आणि बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण हा कोट मळ्यात सोडणं म्हणजे काय, ते मी त्यांना सांगितलं. गोखरू आणि कुसळं या केसांत शिरतात ती बाहेर येत नाहीत. कुसळ कानात किंवा बोटांच्या बेचक्यात घुसून आत सरकत जातं. बांधावर गोचिड्या. मळ्यातल्या गावठी कुत्र्याचा केस आखूड असतो, तो ओला झाला तरी वाऱ्यावर सुकतो. शेवंतीला विंचरणारं कुणी नसेल तर दिवाळीपर्यंत तीच घोंगडी पुन्हा अंगावर असेल, आणि तिथे ती उतरवायला कुणी येणार नाही. मी म्हटलं, दादा, द्यायचीच असेल तर विंचरणाऱ्या घरात द्या, मी घर शोधून देते. पण मळ्यात नको.

फोन स्पीकरवर होता हे मला नंतर कळलं. आजी म्हणाल्या, "विंचरायचंच आहे ना? मी काय दिवसभर नुसती बसूनच असते."

पुढच्या मंगळवारी मी त्यांना शिकवायला गेले आणि खरं सांगते, मला फारसं शिकवावं लागलं नाही. त्यांनी तीन मुलींच्या आणि नातीच्या वेण्या घातलेल्या. केस मुळाशी चिमटीत धरायचे म्हणजे ओढ कातडीला लागत नाही, सुरुवात टोकाकडून करून मुळाकडे यायचं, हे त्यांच्या बोटांत होतंच. मी फक्त भांग दाखवला. कोट एका हाताने वर उचलायचा, खाली कातडीची रेघ दिसली पाहिजे, त्या रेघेतून एक थर विंचरायचा, मग अर्धा बोट वर दुसरा भांग. आधी स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक तारांचा ब्रश, मग स्टीलचा कंगवा. कंगवा कातडीपासून टोकापर्यंत न अडता आला तरच ती जागा झाली म्हणायची. खोबरेल तेल लावायला त्या निघाल्या होत्या, ते थांबवलं. तेलाने धूळ धरते आणि कुत्री ते चाटत बसते. पाण्यात थोडं कुत्र्यांचं कंडिशनर मिसळून फवारायचं.

केस उतरवलेले असल्याने विंचरण्यासारखं अंगावर काही नव्हतं, आणि हीच आमच्या हातातली संधी होती. दुखण्यासारखं काही नसताना कंगव्याशी ओळख करून द्यायची. पहिला आठवडा कंगवा नुसता जेवणाच्या ताटलीशेजारी ठेवला. दुसऱ्या आठवड्यात कंगव्याची पाठ खांद्याला टेकवायची, घास द्यायचा, संपलं. मग दोन सेकंद, मग पाच. गुरगुरली तर रागवायचं नाही, हात थांबवायचा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागून सुरू करायचं. गुरगुरणं दाबलं की कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. आजींनी वेळ ठरवली : दुपारचा चहा झाला की चार वाजता, गॅलरीत, सतरंजीवर. रोज तीच वेळ, तीच सतरंजी. पहिल्या महिन्यातच चारच्या सुमाराला शेवंती आपणहून गॅलरीच्या दाराशी जाऊन बसायला लागली.

याच महिन्यात एक मोठं संकट अगदी जवळून गेलं. दुसऱ्या भेटीत मी पाहिलं, आजी पदराच्या गाठीतून काहीतरी काढून तिला भरवताहेत. मनुके. गावाकडचे, घरच्या बागेतले, रोज दोन-तीन, चार दिवसांपासून. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. द्राक्ष आणि मनुका कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. किती खाल्ले की त्रास होईल याचा नेम नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, एखादं थोड्याने जातं. द्राक्षातलं टार्टरिक आम्ल त्यामागे असावं, असं २०२१ साली अमेरिकेतल्या विषतज्ज्ञ पशुवैद्यांनी मांडलं. तेच आम्ल चिंचेतही भरपूर, म्हणून चिंचही नको. रक्त तपासलं, तीन दिवसांनी पुन्हा तपासलं, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक निघालं. आजी दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. त्यांच्या गावात द्राक्षं म्हणजे पाहुण्याच्या हातावर ठेवायची वस्तू. त्यांनी ती तिला प्रेमाने दिली होती. नाशकात घरोघरी जानेवारी ते एप्रिल द्राक्षांच्या पेट्या असतात, आणि हे किती घरांत माहीत नाही याचं मला दर हंगामात भय वाटतं.

मनुक्यांच्या जागी उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे आले. आजी माळकरी, त्या त्याला हात लावत नाहीत. मग पनीर, गाजर, आणि जास्त वेळ लागणार असेल तेव्हा स्टीलच्या ताटाला चोपडलेला चक्का. ती चाटत राहते, आजी काखेपर्यंत पोचतात.

नोव्हेंबरमध्ये तीन महिन्यांची मुदत संपली. मुलीचा रात्रीचा खोकला गेला होता आणि डॉक्टरांनी कुत्री ठेवायला हरकत नाही म्हटलं, अटी तशाच. हे या मुलीच्या बाबतीत झालं. मला दुसरंही एक घर माहीत आहे, तिथे सगळं पाळूनही मुलाचा त्रास थांबला नाही आणि कुत्रा मावशीकडे द्यावा लागला. तेही बरोबरच होतं. म्हणून आता कुणी पिल्लू घेण्याआधी विचारलं तर मी सांगते, ज्याला त्रास आहे त्याने आधी त्याच पिल्लाजवळ दोन-तीनदा तास-तासभर बसून या. पिल्लाच्या आईला बघा, जमलं तर बापालाही. आणि मुख्य म्हणजे रोज पंधरा-वीस मिनिटं कुणाची, ते घरात आधी ठरवा.

खर्चाचं कुणी बोलत नाही, मी बोलते. दर सहा आठवड्यांनी मी जाते, आंघोळ, कान, नखं, कापणी मिळून १,८०० रुपये. वर्षाचे १५-१६ हजार झाले. कोट आता एक इंचाच्या वर जाऊ देत नाही. पावसाळ्यात त्याहून कमी. उन्हाळ्यात पूर्ण उतरवायचा मोह होतो, तो करत नाही, कारण नाशकाच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडी कातडी भाजते. बोटाच्या जाडीएवढा राहू देते. रंगपंचमीला ती घरातच असते. हार्नेस फिरून आल्यावर लगेच काढला जातो. पावसात भिजली तर थंड हवेचा ड्रायर, केस भांगात उघडून, कातडी कोरडी लागेपर्यंत. कान आठवड्यातून एकदा उघडून, वास घेऊन पाहायचे. हे काम मुलीच्या बाबांनी घेतलं आहे आणि ते कॅलेंडरवर खूण करतात.

मागच्या खेपेला मी गेले तेव्हा चार वाजून गेले होते. गॅलरीत आजी आणि शेवंती, शेजारी रिकामं ताट. मी पाठीपासून कंगवा लावला तो शेपटीपर्यंत न अडता आला. पाय झाले, कान झाले. मग आजींनी तिचा उजवा पुढचा पाय अलगद उचलला, काखेत बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "इथे एक बारीक गाठ आहे बघ कालपासून. मी ओढली नाही. म्हटलं तू येणारच आहेस."